गोळी रोजची, मोजणी तिमाहीची : ‘सीएमएल’च्या उपचारात विकरे आणि जनुके काय सांगतात

बंगळुरू : क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, संक्षेपाने ‘सीएमएल’, हा रक्ताचा कर्करोग आज बहुतांश रुग्णांमध्ये रोजच्या गोळीने आटोक्यात राहतो. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच पांढऱ्या पेशींची संख्या पूर्वपदावर येते, वाढलेली प्लीहा आकसू लागते, थकवा ओसरतो आणि रुग्ण कामावर परततो. धोका याच टप्प्यावर असतो. रक्तगणना सामान्य आली म्हणजे आजार गेला, अशा समजुतीने कोणी गोळ्यांत खंड पाडतो, तर कोणी पुढची जनुकीय चाचणी टाळतो. प्रत्यक्षात रक्तगणना सामान्य झालेल्या रुग्णाच्या शरीरात अब्जावधी दूषित पेशी शिल्लक असू शकतात. त्या साध्या तपासणीत दिसत नाहीत. त्या मोजण्यासाठी जनुकाच्या पातळीपर्यंत जावे लागते.

कर्नाटकातील सरकारी कर्करोग उपचारांचे मुख्य केंद्र असलेली किदवई मेमोरियल इन्स्टिट्यूट ऑफ ऑन्कॉलॉजी ही संस्था १९७३ पासून बंगळुरूत कार्यरत आहे. बेळगाव किंवा निपाणीच्या रुग्णाला येथे येण्यासाठी सुमारे ५०० किलोमीटर किंवा त्याहून अधिक प्रवास करावा लागतो. गोळ्या गावातील औषध दुकानातून मिळवता येतात. पण दर तीन महिन्यांनी रक्ताचा नमुना योग्य प्रयोगशाळेत पोहोचवणे हे वेगळेच काम असते. म्हणूनच या चाचण्या नेमके काय मोजतात, कोणत्या आकड्यावर विसंबावे आणि कोणत्या आकड्याने निश्चिंत होऊ नये, हे रुग्ण व त्याच्या कुटुंबीयांनी समजून घेणे आवश्यक ठरते.

आजाराच्या मुळाशी एक विकर

सीएमएलचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण एक ते दोन रुग्ण इतके आहे. पाश्चात्त्य देशांत निदानाच्या वेळी रुग्णाचे वय बहुधा साठीच्या आसपास असते. भारतात मात्र ते ३५ ते ४० वर्षांच्या घरात आढळते. म्हणजे येथे हा आजार कमावत्या आणि मुले लहान असलेल्या वयात गाठतो व पुढील कित्येक दशके सोबत राहतो.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांनी १९६० मध्ये या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळल्याचे नोंदवले. त्यालाच पुढे ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ हे नाव पडले. शिकागो येथील जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये त्याचा उलगडा केला. ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्राचे तुकडे तुटून परस्परांच्या जागी जोडले जातात, असे त्यांनी दाखवले. या अदलाबदलीत २२ व्या गुणसूत्रावरील ‘बीसीआर’ आणि ९ व्या गुणसूत्रावरील ‘एबीएल’ ही दोन जनुके एकमेकांना चिकटतात. हा दोष जन्मजात नसतो, आईवडिलांकडून येत नाही आणि मुलांकडे जात नाही. अस्थिमज्जेतील एखाद्या मूळ पेशीत तो आयुष्यात केव्हातरी उद्भवतो.

या जोडजनुकापासून तयार होणारे प्रथिन हे स्वतःच एक विकर, म्हणजे एन्झाइम असते. त्याचा प्रकार ‘टायरोसिन कायनेज’. निरोगी पेशीत ‘एबीएल’चे विकर गरजेपुरते चालू आणि एरवी बंद असते. ‘बीसीआर’शी जोडले गेल्यावर त्याचे बंद होणे थांबते आणि ‘वाढा, विभागा’ हा आदेश पेशीला अखंड मिळत राहतो. इमॅटिनिब हे औषध या विकराच्या ऊर्जा घेण्याच्या खाचेत जाऊन बसते व त्याचे काम रोखते. अमेरिकेच्या औषध नियामकाने मे २००१ मध्ये त्याला मान्यता दिली. इंटरफेरॉनशी तुलना करणाऱ्या १,१०६ रुग्णांच्या ‘आयरिस’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत इमॅटिनिबने उपचार सुरू केलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते. त्यापूर्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण न झालेल्या बहुतेक रुग्णांचा आजार काही वर्षांतच तीव्र अवस्थेत जात असे.

अहवालातील विकरे : उपयोग आणि मर्यादा

रुग्णाच्या फायलीत ‘एन्झाइम’ म्हणून जे आकडे दिसतात, ते या दोषी विकराचे नसतात. ती वेगळी विकरे असून त्यांचा अर्थही वेगळा असतो.

यातील सर्वांत जुनी चाचणी ‘ल्युकोसाइट अल्कलाइन फॉस्फेटेज’ची. पांढऱ्या पेशींतील हे विकर रंगद्रव्याच्या साहाय्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शंभर पेशींना प्रत्येकी शून्य ते चार गुण देऊन त्यांची बेरीज केली जाते. त्यामुळे निकाल शून्य ते ४०० या दरम्यान येतो. तीव्र संसर्गातही पांढऱ्या पेशी भरमसाट वाढतात, परंतु तेव्हा हा गुणांक चढा असतो. सीएमएलमध्ये पेशी वाढूनही तो अत्यंत कमी राहतो. जनुकीय चाचण्या सहज उपलब्ध नव्हत्या, त्या काळात या फरकावरून निदानाला मोठी मदत होई. मात्र उपचाराचे यश मोजण्यासाठी हा गुणांक विश्वासार्ह नाही. संसर्ग झाला, गर्भधारणा असली किंवा आजार तीव्र अवस्थेकडे झुकला, तरीही तो वाढू शकतो. म्हणजे चढलेला गुणांक सुधारणेचा असू शकतो आणि बिघाडाचाही.

‘लॅक्टेट डिहायड्रोजिनेज’ म्हणजे एलडीएच हे दुसरे विकर. पेशींची निर्मिती आणि मोडतोड वेगाने सुरू असली की ते रक्तात वाढते. निदानाच्या वेळी ते बहुधा चढे असते आणि औषध लागू पडू लागले की उतरते. परंतु यकृताचा विकार, स्नायूंची इजा, इतकेच काय, रक्त काढताना नळीत पेशी फुटल्या तरीही हा आकडा वाढतो. शिवाय तो सामान्य झाल्यानंतर उरलेल्या दूषित पेशींबद्दल तो काहीच सांगू शकत नाही.

औषध शरीराला कितपत सोसते, हे पाहण्यासाठी विकरांचा खरा उपयोग होतो. एसजीओटी व एसजीपीटी ही यकृताची विकरे इमॅटिनिबसह या गटातील बहुतेक औषधांमुळे वाढू शकतात. म्हणून सुरुवातीच्या काळात त्यांची वारंवार तपासणी करतात. पायांत गोळे येत असल्यास ‘क्रिएटिन कायनेज’ हे स्नायूंचे विकर पाहिले जाते. निलोटिनिब घेणाऱ्यांमध्ये स्वादुपिंडाचे ‘लायपेज’ वाढू शकते. हे आकडे औषधाची मात्रा कमी करावी, काही दिवस थांबवावी की औषध बदलावे, हे ठरवण्यासाठी असतात. ते वाढले म्हणजे कर्करोग बळावला, असा अर्थ काढणे चूक. आणि ते सामान्य आहेत म्हणून कर्करोग आटोक्यात आहे, असे मानणेही तितकेच चूक.

आणखी एक विकर अहवालात कधीच दिसत नाही, पण भारतीय रुग्णांसाठी ते महत्त्वाचे आहे. यकृतातील ‘सीवायपी ३ए४’ हे विकर इमॅटिनिबचे विघटन करते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे औषध या विकराला इतकी चालना देते की, शरीराला मिळणारे इमॅटिनिब सुमारे तीन चतुर्थांशाने घटते. फिट्सवरील फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन यांचाही परिणाम याच दिशेचा असतो. उलट काही बुरशीरोधक व प्रतिजैविक औषधे हे विकर रोखून इमॅटिनिबची पातळी वाढवतात. म्हणून दुसऱ्या कोणत्याही आजाराचे औषध, तसेच काढे व वनौषधी सुरू करण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञांना सांगणे अनिवार्य आहे.

प्रतिसादाच्या तीन पायऱ्या

सीएमएलमध्ये उपचारांना मिळणारा प्रतिसाद तीन पायऱ्यांवर मोजतात. पहिली पायरी रक्तगणनेची. पांढऱ्या पेशी आणि बिंबिका सामान्य झाल्या, अपरिपक्व पेशी दिसेनाशा झाल्या आणि प्लीहा हाताला लागेनाशी झाली की तिला ‘रक्तविषयक पूर्ण प्रतिसाद’ म्हणतात.

दुसरी पायरी गुणसूत्रांची. अस्थिमज्जेचा नमुना घेऊन विभाजनाच्या अवस्थेतील किमान २० पेशींची गुणसूत्रे पाहतात. एकाही पेशीत फिलाडेल्फिया गुणसूत्र न आढळल्यास प्रतिसाद पूर्ण, १ ते ३५ टक्के पेशींत आढळल्यास आंशिक मानला जातो. चमकणारे रंगद्रव्य वापरून शेकडो पेशींत जोडजनुक शोधणारी ‘फिश’ ही चाचणीही याच पायरीवरची. पण वीस किंवा दोनशे पेशी तपासल्यावर हजारांत एखादी दूषित पेशी हाती लागण्याची शक्यता कमीच असते.

तिसरी पायरी रेणूची. ‘आरक्यू-पीसीआर’ या चाचणीत दंडातून घेतलेल्या साध्या रक्तनमुन्यातील आरएनए वेगळे काढून त्यात ‘बीसीआर-एबीएल’चे संदेश किती आहेत, हे एका नियंत्रक जनुकाच्या तुलनेत मोजतात. निकाल टक्क्यांत, आंतरराष्ट्रीय मापनपट्टीवर दिला जातो. अहवालात ‘आयएस’ ही अक्षरे असतात, ती याच पट्टीची. उपचारापूर्वीची प्रमाणित पातळी १०० टक्के धरली जाते. तेथून दहापट घट म्हणजे १० टक्के, शंभरपट म्हणजे १ टक्का, हजारपट म्हणजे ०.१ टक्का.

या पट्टीचा अर्थ एका ढोबळ हिशेबाने स्पष्ट होतो. निदानाच्या वेळी शरीरात साधारण एक लाख कोटी दूषित पेशी असतात, असे मानले जाते. पातळी १ टक्क्यावर आली, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीत जवळपास काहीच आढळत नाही, तरी त्यांपैकी सुमारे हजार कोटी उरलेल्या असतात. ०.१ टक्क्यावर हा आकडा शंभर कोटींच्या घरात येतो. रक्तगणना तर याच्या कितीतरी आधीच सामान्य झालेली असते.

तीन, सहा आणि बारा महिने

युरोपियन ल्युकेमियानेट या तज्ज्ञगटाच्या २०२० च्या शिफारशींनुसार ही पातळी तीन महिन्यांनी १० टक्क्यांवर किंवा त्याखाली, सहा महिन्यांनी १ टक्क्यावर किंवा त्याखाली आणि बारा महिन्यांनी ०.१ टक्क्यावर किंवा त्याखाली असणे इष्ट मानले जाते. ०.१ टक्क्याच्या टप्प्याला ‘मेजर मॉलिक्युलर रिस्पॉन्स’ म्हणतात. तो गाठून टिकवणाऱ्या रुग्णाचा आजार तीव्र अवस्थेत जाण्याची शक्यता अत्यल्प असते.

सहा महिन्यांनी पातळी १० टक्क्यांहून किंवा बारा महिन्यांनी १ टक्क्याहून अधिक असल्यास उपचार अपयशी मानून औषध बदलण्याचा विचार केला जातो. मधल्या पट्ट्यातील आकडे इशाऱ्याचे समजले जातात. अशा वेळी चाचणी लवकर पुन्हा करतात. तीन महिन्यांनी १० टक्क्यांहून अधिक आलेला आकडाही एक ते तीन महिन्यांत पुन्हा तपासून खात्री करूनच पुढचा निर्णय घेतला जातो. एकट्या आकड्यापेक्षा तो कोणत्या दिशेने जात आहे, हे अधिक बोलके असते. म्हणून दर तीन महिन्यांची चाचणी चुकली की केवळ एक अहवाल कमी होत नाही, तर औषध वेळेत बदलण्याची संधी हुकण्याची शक्यता निर्माण होते.

आकडा फसवा केव्हा ठरतो

या चाचणीच्या काही अटी आहेत. पहिली, निदानाच्या वेळीच जोडजनुकाचा उपप्रकार नोंदवलेला असावा. बहुसंख्य रुग्णांत ‘ई१३ए२’ किंवा ‘ई१४ए२’ हे उपप्रकार आढळतात आणि नेहमीची चाचणी त्यांच्यासाठीच बेतलेली असते. मोजक्या रुग्णांत वेगळा उपप्रकार असतो. सुरुवातीला तो नोंदवला गेला नाही, तर पुढे नेहमीच्या चाचणीत ‘आढळले नाही’ असा निकाल येतो आणि आजार मात्र जागेवरच असतो.

दुसरी अट नमुन्याची. आरएनए हा नाजूक रेणू असून नमुना उन्हात किंवा प्रवासात बराच काळ राहिल्यास तो विघटित होतो. नमुना शक्यतो एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. छोट्या गावातील संकलन केंद्रात रक्त देताना तो बंगळुरू, मुंबई किंवा पुण्याकडे केव्हा रवाना होणार, हे विचारून घेणे म्हणूनच योग्य.

तिसरी अट सातत्याची. आंतरराष्ट्रीय पट्टी असूनही प्रयोगशाळांच्या निकालांत थोडाफार फरक राहतो. शक्य तोवर प्रत्येक वेळी एकाच प्रयोगशाळेत चाचणी करावी. क्षयरोगाच्या निदानामुळे देशभर परिचित झालेल्या ‘जीनएक्सपर्ट’ यंत्रावर वेगळे काडतूस वापरून ‘बीसीआर-एबीएल’चे नेहमीचे उपप्रकार मोजता येतात. ही सोय जिल्हा पातळीवर पोहोचल्यास दूरच्या रुग्णांच्या फेऱ्या वाचू शकतात.

पातळी वाढली तर प्रथम काय पाहावे

पातळी वाढल्याचे दिसताच पहिला प्रश्न औषधाच्या शक्तीचा नसून नियमिततेचा असतो. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील ८७ रुग्णांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत मार्गदर्शक आहे. बाटलीच्या झाकणात बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्राद्वारे गोळ्या प्रत्यक्षात किती वेळा काढल्या गेल्या, हे त्यात पाहिले गेले. ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या नियमित घेणाऱ्यांमध्ये सहा वर्षांत ०.१ टक्क्याचा टप्पा गाठण्याची शक्यता सुमारे ९४ टक्के, तर त्याहून कमी घेणाऱ्यांमध्ये ती सुमारे २८ टक्के आढळली. ९० टक्के म्हणजे महिन्यात तीन गोळ्या चुकणे.

गोळ्या चुकण्यामागे निष्काळजीपणाच असतो असे नाही. मळमळ, डोळ्यांभोवती सूज, पायांतील गोळे यांमुळे रुग्ण कंटाळतात. इमॅटिनिबमुळे त्वचेचा रंग उजळू लागतो आणि तो प्रश्नांचा विषय होतो. गोळी जेवणासोबत मोठा पेलाभर पाण्याबरोबर घेतल्यास मळमळ बरीच कमी होते. इतर त्रासांवरही बहुधा उपाय असतो. मात्र तो डॉक्टरांना सांगितला तरच मिळतो. हे औषध गर्भावस्थेत सुरक्षित मानले जात नाही. त्यामुळे अपत्याचा विचार असल्यास गोळी स्वतःहून बंद न करता आधी सल्ला घेणे आवश्यक आहे.

गोळ्या नियमित असूनही पातळी वाढत असेल, तर ‘एबीएल’च्या भागातील उत्परिवर्तनाची तपासणी करतात. विकराच्या रचनेतील एक घटक बदलला की औषध खाचेत बसत नाही. ‘टी३१५आय’ हे त्यातील सर्वांत अडचणीचे उत्परिवर्तन. त्यापुढे इमॅटिनिबबरोबरच डॅसॅटिनिब, निलोटिनिब आणि बोसुटिनिबही निष्प्रभ ठरतात; पोनॅटिनिब किंवा मोठ्या मात्रेतील असिमिनिब यांचा आधार घ्यावा लागतो. अन्य उत्परिवर्तनांत कोणते औषध निवडावे, हेही याच अहवालावरून ठरते. ही तपासणी न करता अंदाजाने औषध बदलल्यास अमूल्य महिने वाया जाऊ शकतात.

औषध आवाक्यात, चाचणीचे काय

इमॅटिनिब भारतीयांच्या आवाक्यात आले, त्यामागे दीर्घ न्यायालयीन लढा आहे. नोव्हार्टिस कंपनीने ‘ग्लिव्हेक’ या नावाने विकल्या जाणाऱ्या या औषधाच्या विशिष्ट स्फटिकरूपासाठी १९९८ मध्ये चेन्नई येथे पेटंटचा अर्ज केला. मुंबईतील कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनसह अनेकांनी त्याला हरकत घेतली आणि २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला. न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने १ एप्रिल २०१३ रोजी पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) च्या आधारे कंपनीचे अपील फेटाळले. त्या वेळी मूळ औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर भारतीय कंपन्यांच्या पर्यायाचा ८ ते १० हजार रुपयांच्या आसपास होता. नोव्हार्टिस आणि मॅक्स फाउंडेशन यांच्या कार्यक्रमातून अनेक रुग्णांना मूळ औषध मोफतही मिळत होते. पुढे भारतीय पर्यायांच्या किमती आणखी उतरल्या.

मोजणीचे चित्र मात्र वेगळे आहे. प्रत्येक पीसीआर चाचणीला खासगी प्रयोगशाळेत काही हजार रुपये लागतात, ती वर्षातून चार वेळा करावी लागते आणि प्रवास व बुडालेली मजुरी यांचा भार निराळाच. त्यामुळे काटकसर करताना कुटुंब गोळी सोडत नाही, चाचणी सोडते. सरकारी रुग्णालयांतील समाजसेवा विभाग, आरोग्य योजनांचे मदत कक्ष आणि रुग्णसंघटना यांच्याकडे चाचणीसाठी साहाय्य मिळते का, याची चौकशी उपचारांच्या सुरुवातीलाच करावी.

औषध थांबवता येते का

दीर्घकाळ अत्यंत खालच्या पातळीवर स्थिरावलेल्या काही रुग्णांत औषध थांबवून पाहता येते. त्यासाठी अनेक वर्षांचा उपचार आणि किमान दोन वर्षे ०.०१ टक्का किंवा त्याहून खाली टिकलेली पातळी अपेक्षित असते. युरोपातील ‘युरो-स्की’ या ७५५ रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांनंतर सुमारे निम्मे रुग्ण औषधाविना आजारमुक्त स्थितीत राहिले. ज्यांचा आजार परतला, त्यांपैकी बहुतेकांत तो पहिल्या सहा महिन्यांत परतला आणि औषध पुन्हा सुरू करताच बहुसंख्य रुग्णांत आटोक्यात आला. मात्र या काळात सुरुवातीला दरमहा खात्रीशीर पीसीआर चाचणी होणे ही पूर्वअट आहे. चाचणीची सोय नसताना स्वतःहून गोळी बंद करणे हा प्रयोग नसून धोका आहे.

रुग्णाने जवळ ठेवावयाची फाईल फार मोठी नसते. निदानाच्या वेळचा उपप्रकार व गुणसूत्रांचा अहवाल, पीसीआरचे सर्व निकाल तारखेनुसार आणि प्रयोगशाळेच्या नावासह, यकृताच्या विकरांचे आकडे, औषधाची मात्रा व त्यातील खंडांची प्रामाणिक नोंद आणि सुरू असलेल्या इतर औषधांची यादी एवढे त्यात असावे. डॉक्टर बदलले, गाव बदलले, तरी या कागदांवरून पुढचा निर्णय घेता येतो.